सोमवारची साखर

विद्येची अधिष्ठात्री श्रीशारदा आणि हाती अमृतकलश धारण करणारे भगवान धन्वंतरी, या उभयतांना वंदन करून ही चार पाने लिहावयास घेतो. निमित्त असे की, मधुमेहाच्या रुग्णांना आपला आजार कसा समजावून द्यावा, हे परिचारिका, औषधविक्रेते आणि डॉक्टर मंडळींना शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम नगरच्या ज्या प्रशिक्षण केंद्रात चालतो, तेथे येत्या वसंतपंचमीस नवी तुकडी सुरू होत आहे. केंद्राच्या प्रमुख मॅडम मला म्हणाल्या, "काका, नव्या मुलांसाठी रुग्णाच्या बाजूने काहीतरी लिहून द्या. औषधांची माहिती नको, ती आम्ही देऊ. तुमच्या घरी जी गंमत झाली ती लिहा." शहात्तराव्या वर्षी माणसाकडे कोणी गंमत मागावी, हीही ईश्वराची कृपाच समजतो.

मी हायस्कुलात छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. आमचे गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीहून फार लांब नाही. मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. सूनबाई आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ती या घरात आली त्याच वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. आमच्या सौभाग्यवती आल्यागेल्याला सांगतात, "आमच्याकडे सून आणि साखर एकदमच आल्या. सून गुणाची निघाली."

सूनबाई मितभाषी. चारचौघांत उभे राहून बोलायचे म्हटले की तिच्या तळहातांना घाम सुटतो. तरीही त्रेचाळिसाव्या वर्षी तिने या अभ्यासक्रमास नाव घातले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, केंद्रावर मी पेशंटला सांगते आणि ते मान हलवतात. पुढच्या महिन्यात साखर तेवढीच. मान हलवली म्हणजे कळलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते."

वर्षभर दर शनिवार-रविवार नगरला वर्ग. त्याखेरीज एका रुग्णास तीन महिने शिकवून त्याची समग्र नोंदवही सादर करायची, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एका अनोळखी रुग्णाशी बोलून दाखवायचे. नोंदवही अमान्य झाली तर परीक्षेस बसता येत नाही. सारे वर्ष पुन्हा करावे लागते. सूनबाईने वर्षाच्या सगळ्या रजा या वर्गांसाठी वेचल्या होत्या. दुसरे वर्ष मिळणे अशक्य होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

नोंदवहीसाठी रुग्ण म्हणून तिने मला निवडले. घरचा माणूस चालेल का, असे तिने भीत भीत विचारले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अवश्य घ्या. घरच्या माणसाला शिकवणं सगळ्यांत अवघड. त्यात सासरे, आणि त्यात मास्तर!"

अशा रीतीने मी विद्यार्थी झालो. शनिवारी सकाळी सौभाग्यवतींनी बांधून दिलेली ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आम्ही सासरा-सून एसटीने नगरच्या माळीवाड्याला उतरत असू आणि तेथून चालत केंद्रावर जात असू. दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली होती. बारा विद्यार्थी, आणि सरावासाठी हक्काचा रुग्ण मी.

पहिल्याच दिवशी पायांची तपासणी होती. मधुमेहात पायांची जाणीव मंदावते, म्हणून नायलॉनच्या एका बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून पाहतात; रुग्णाने डोळे मिटून, स्पर्श कळला की सांगायचे. मी डोळे मिटून खुर्चीवर बसलो. पहिला विद्यार्थी खाली वाकला. कोणी पायांशी वाकले की माझा उजवा हात आपोआप वर जातो. ही सवय जन्मभराची. "आयुष्मान भव," मी म्हणालो. बांगड्या किणकिणल्या, दुसरी वाकली, "अखंड सौभाग्यवती भव." तिसरा वाकला तेव्हा मॅडमचा आवाज आला, "काका, आशीर्वाद मागाहून एकदम द्या! आधी टोचलं का ते सांगा!"

वर्गात असा हशा पिकला की खालच्या मजल्यावरून कोणी तरी पाहायला आले. सुप्याला औषधाचे दुकान असलेला एक तरुण त्या वर्गात होता, मोठा मिस्कील. तो म्हणाला, "मॅडम, राहू द्या की. परीक्षेला उपयोगी पडतील." त्या दिवशी मी बारा जणांना दोन्ही दिले, उत्तर आणि आशीर्वाद. उजव्या अंगठ्याच्या टोकाशी मला स्पर्श कळत नाही, हेही त्याच दिवशी प्रथम समजले. तेव्हापासून अनवाणी प्रदक्षिणा बंद करून कापडी मोजे घालतो.

घरी सूनबाईने मला एक वही आखून दिली. दिवस, वेळ, रक्तातील साखर, आदल्या रात्रीचे जेवण, रात्रीचे इन्सुलिन, आणि शेवटचा रकाना 'हात धुतले का?' त्यात खूण करायची. मी ती वही नित्यपाठाच्या निष्ठेने लिहू लागलो. तीन महिन्यांत दोन वेळा पेढा खाल्ला, तोही लिहिला: 'पेढा एक, शेजारच्या बारशाचा. मोह झाला.' सूनबाईने त्याखाली हसरा चेहरा काढला होता.

एक अट मात्र मी प्रारंभीच घातली होती. अंगातून रक्त निघाले की तशा स्थितीत देवास स्पर्श करायचा नाही, हा आमच्या घरातील पूर्वापार आचार आहे. म्हणून सकाळची तपासणी पूजेनंतर, परंतु मुखात काही घालण्यापूर्वी करीन, असे मी सांगितले. सूनबाई म्हणाली, "पोट रिकामं असलं म्हणजे झालं, अण्णा."

महिना संपला. तिने आकडे मांडून पाहिले आणि तिच्या कपाळावर आठी पडली. पाच दिवस माझी साखर एकशे वीस-तीस. सोमवारी आणि गुरुवारी मात्र दोनशे ऐंशी, तीनशे! असे दर आठवड्यास. वर्गात तो तक्ता फळ्यावर लावला गेला. सुप्याचा तरुण डोके खाजवून म्हणाला, "मॅडम, सोमवारचा आदला दिवस म्हणजे रविवार. रविवारी काका नगरला. आणि गुरुवारचा आदला दिवस बुधवार. ताई, तुमच्या गावचा बाजार कधी असतो?"

"बुधवारी," सूनबाई हळू आवाजात म्हणाली.

"मग झालं की! रविवारी माळीवाड्याची जिलबी, बुधवारी बाजारातली गोडी शेव."

सारे हसले. मीही हसलो, परंतु माझे हसणे ओठांपुरते होते. घरी आल्यावर पाहतो तो सौभाग्यवती माझ्या सदऱ्याचे खिसे उलटे करीत होत्या.

"हे काय चालले आहे?"

"कागद शोधते. जिलबीचा कागद तेलकट असतो, लपत नाही."

"मी या वयात चोरून खाईन?"

"या वयातच खातात," त्या म्हणाल्या.

सूनबाई मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. रात्रीच्या जेवणाआधी माझ्याजवळ येऊन बसली. "अण्णा, तुम्ही काही खाल्लं असलं तरी मला चालेल. फक्त वहीत यायला हवं."

मी म्हणालो, "मी लिहिले आहे तेवढेच खाल्ले आहे."

तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरं. मग कारण दुसरं आहे." त्या दोन वाक्यांनी मला केवढे समाधान दिले ते सांगता येत नाही. घरात सर्वांनी माझी थट्टा मांडली असता तिने माझ्या वहीवर विश्वास ठेवला.

विश्वासाने आकडे उतरत नाहीत. दुसरा महिनाही तसाच गेला. पारनेरचे आमचे डॉक्टर म्हणाले, आठवड्यात दोनदा तीनशे दिसत असेल तर रात्रीचे इन्सुलिन वाढवू. सूनबाईने त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. कारण उलगडल्याविना मात्रा वाढवली आणि उरलेल्या पाच दिवसांत साखर अतिशय खाली गेली तर काय, ही धास्ती तिला होती. इकडे नोंदवही द्यायला तीन आठवडे उरले. कारण न उलगडलेली नोंदवही मान्य होणार नाही, असे मॅडमनी स्पष्ट सांगितले.

सुप्याच्या तरुणाने सोपा मार्ग सुचवला. "ताई, सोमवार-गुरुवार गाळून टाका. पाच दिवसांचा तक्ता किती सुंदर दिसतोय!"

तिचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. परतीच्या एसटीत मीच म्हणालो, "अगं, मी यापुढे त्या दोन दिवशी तपासतच नाही. म्हणजे प्रश्न मिटेल."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "अण्णा, तुम्ही एखाद्या मुलाला न येणारा श्लोक गाळून पास केलं असतंत का?"

मी वही पिशवीत नीट ठेवून दिली.

त्याच आठवड्यात वर्गात मॅडमनी एक धडा दिला होता: रुग्णाला विचारून जे कळत नाही ते त्याच्या घरी बसून पाहिल्याने कळते, आधी पाहा, मग बोला. सूनबाईने सोमवारी सकाळी आरोग्य केंद्रावर उशिरा जाण्याची परवानगी काढली. मी स्नान करून सोवळ्यात देवघरात आलो तर ती दाराशी, शिवणार नाही एवढे अंतर ठेवून, मांडी घालून बसलेली. हातात वही-पेन.

"आज दर्शनाला?" मी विचारले.

"आज फक्त बघायला. तुम्ही रोजच्यासारखं करा."

सोमवारी मी पिंडीला अभिषेक करतो आणि गुरुवारी दत्तमूर्तीला पंचामृताचे स्नान घालतो. इतर दिवशी शुद्ध जलाने पूजा. रुद्रपठण सुरू झाले. दूध झाले, दही झाले, तूप झाले. मध बोटांनी पिंडीला चोळला. साखर चिमटीने घेऊन हळुवार फिरवली. शेवटी पाण्याने स्नान घातले, पळीतले पाणी हातावर घेऊन ताम्हनात सोडले, हात उपरण्याला पुसले. फुले वाहिली, नैवेद्य दाखवला, आरती झाली. नंतर नित्याप्रमाणे पाटावर बसून यंत्र काढले, वहीत 'हात धुतले' या रकान्यात खूण केली आणि बोटाला सुई टोचली.

तीनशे चार.

सूनबाईचे डोळे यंत्राकडे नव्हते. ती माझ्या बोटांकडे पाहत होती. मग तिने फार मृदू स्वरात विचारले, "अण्णा, हात धुतले म्हणजे तुम्ही काय करता?"

"तू पाहिलेस की. पळीने पाणी घेतले."

"साबण?"

"सोवळ्यात? जेवण व्हायचे आहे अजून. सर्वांनी हाताळलेला साबण मी सोवळ्यात कसा घेईन?"

ती उठली. कपाटातून साबणाची नवी वडी काढली, तिचे वेष्टन सोडले आणि वडी अस्पर्श राखून न्हाणीच्या फळीवर ठेवली. "ही कोणीही हाताळलेली नाही. आजच्या दिवस जेवणाला थोडा उशीर होईल. एकदा हात धुवून, कोरडे करून, दुसऱ्या बोटाला टोचाल?"

मी हात धुतले. टोचले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि आकडा दाखवला: एकशे सव्वीस.

बोटांच्या रेषांत राहिलेला मध आणि साखर रक्ताच्या थेंबात मिसळत होती, आणि यंत्र बिचारे प्रामाणिकपणे तिची नोंद देत होते. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. सर्व ऐकून घेतल्यावर त्या खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे दोन महिने तुम्ही महादेवाची साखर मोजत होतात! आणि डॉक्टर निघाले होते महादेवालाच इन्सुलिन द्यायला!"

मी हसलो, सूनबाई हसली. रुद्रपठणानंतर आमच्या देवघरात एवढे हसू प्रथमच झाले असावे. मला वाटते, देवालाही ते रुचले.

आता पुढील प्रश्न होता. सूनबाई मला सरळ आज्ञा करू शकली असती, की पूजेआधी तपासा, किंवा पूजेनंतर साबण घ्या. मी कदाचित ऐकलेही असते, आणि चार दिवसांनी पुन्हा पूर्ववत झालो असतो. तिने आज्ञा केली नाही. तिने विचारले, "अण्णा, रक्त निघालं तर पूजा नाही, हे कशासाठी?"

मी सविस्तर सांगितले. देहातून रक्त आले की अशुचित्व येते, ते घेऊन देवाजवळ जायचे नाही. ती मन लावून ऐकत होती.

"आणि ते जातं कशानं?"

"स्नानाने."

तिने वहीत काहीतरी लिहिले आणि ओठ मिटून घेतले. त्या शांततेत माझेच शब्द मला ऐकू येऊ लागले. मी स्नान तर पूजेच्या आधी रोजच करतो! मग उठल्याबरोबर, स्नानाच्या आधी, साबणाने हात धुऊन बोटाला टोचले तर? आकडा खरा, आचारही अखंड. छत्तीस वर्षे व्याख्या आणि भाष्ये शिकवणाऱ्या मला एकोणीस वर्षांत हे सुचले नव्हते.

मी ते बोलून दाखवले. ती म्हणाली, "तुमचं तुम्हीच ठरवलंत. आता मी तसंच लिहिते."

डॉक्टरांना ते दोन आकडे कळवले. त्यांनी मात्रा होती तशीच ठेवली. पुढच्या गुरुवारी, स्नानापूर्वी, एकशे एकोणतीस.

नोंदवहीत तिने ते सर्व चुकीचे आकडे तसेच ठेवले. शेवटच्या पानावर कारण लिहिले, आणि त्याखाली: 'हात धुतले का, हे मी केवळ विचारले, कसे धुतात ते पाहिले नाही. ही त्रुटी रुग्णाची नसून माझी आहे.' सुप्याचा तरुण कळवळून म्हणाला, "ताई, स्वतःची चूक कोणी स्वतः लिहितं का?" मॅडमनी ते पान दोनदा वाचले. "नोंदवही मी पाठवते. पण परीक्षक बाहेरचे आहेत. ते काय म्हणतील, मला सांगता येणार नाही."

परीक्षेच्या दिवशी मला मागच्या बाकावर बसवले होते. परीक्षकांना नोंदवहीतील रुग्णास काही विचारायचे असेल तर हजर असावे म्हणून. परीक्षक पांढऱ्या केसांचे, करड्या मुद्रेचे गृहस्थ होते. त्यांनी सूनबाईची वही उघडली आणि एकेक पान उलटू लागले. तिच्या हातातील रुमाल मला दिसत होता. त्याची घडी उलगडत होती आणि पुन्हा पडत होती.

"हे आकडे चुकीचे आहेत, हे कळल्यावरही ठेवलेत?"

"हो सर." आवाज बारीक होता, परंतु स्थिर होता. "पेशंट खरं सांगत होते. मीच नीट पाहिलं नव्हतं. ते दिसायला हवं."

परीक्षकांनी मागे वळून मला विचारले, "काका, सूनबाईंच्या धाकाने साबण लावता की स्वतःहून?"

"स्वतःहून," मी म्हणालो. "धाक सौभाग्यवतींचा असतो."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. वही मिटून ते म्हणाले, "पेशंट बोलवा."

मिरजगावकडची एक आजी आत आली. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण. बसण्याआधीच तिने बजावले, "हे बग बाई, ग्वाड खाऊ नको आनि चालाया जा, एवडंच सांगनार असशील तर मला ठावं हाय. लई जनांनी सांगून झालंय."

मला वाटले, आता सूनबाई घाबरणार. ती खुर्ची किंचित पुढे ओढून म्हणाली, "मग मी नाही सांगत. तुम्हीच सांगा आजी. सकाळी उठल्यापासून काय काय करता?"

आजी सावरून बसली. "पाटं उटते. गोळी घेते. मंग शेरडं सोडते, खुरपायला जाते. नऊच्या सुमाराला डोळ्यांफुडं अंदारी येती, हातपाय कापत्यात. शेजारनीकडं साकरंचा च्या पिते, की बरं वाटतं. डाक्टर म्हनतो, च्या सोड. आता च्याच माजं औशद हाय, तो कसा सोडू?"

"भाकरी कधी खाता?"

"धाला. घरी आल्याव."

"गोळी पहाटे, आणि भाकरी दहाला."

"व्हय."

सूनबाई थांबली. आजीने तिच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटांवर काहीतरी मोजले. "म्हंजी… गोळी पोटात रिकामीच काम करती व्हय? तिला खायाला काय न्हाई, म्हून माजीच ताकद खाती?"

"अगदी बरोबर, आजी. चहाचं आपण मागाहून बघू. आधी गोळीचं काय करायचं?"

"भाकरीसंगं घ्याची! का धाला घिऊ?"

"दहाला नको. गोळी सकाळचीच, पण पहाटे चतकोर भाकरी खायची आणि तिच्याबरोबर गोळी. आता मला सांगा, घरी जाऊन सुनेला हे कसं समजावाल?"

आजीने पदर सारखा केला आणि जणू सून समोर उभी आहे अशा थाटात हात उगारला. "ए भवाने! उद्यापून पाटं उटायचं आनि मला चतकोर भाकर करून द्याची! भाकर न्हाई तर गोळी न्हाई, आनि मी चक्कर येऊन पडले तर खुरपायला तुला जावं लागंल, ध्यानात ठिव!"

मॅडम तोंडावर कागद धरून हसत होत्या. परीक्षक तर चष्मा काढून डोळे पुसू लागले. आजीने सर्वांकडे आश्चर्याने पाहिले. "काय चुकलं का माजं?"

"काही चुकलं नाही, आजी," परीक्षक म्हणाले. "एवढं नेमकं आम्हालाही सांगता येत नाही." त्यांनी सूनबाईच्या कागदावर काहीतरी लिहिले, सही केली आणि तिला म्हणाले, "तुम्ही पूर्ण वेळात फार थोडी वाक्यं बोललात. मोजली मी. सगळ्यांत जास्त गुण तुम्हाला त्याचेच आहेत. ती शेवटच्या पानावरची कबुली मात्र वर्गाला वाचून दाखवा, पुढच्या तुकडीलाही."

सूनबाई उत्तीर्ण झाली. मी मागच्या बाकावर बसून तिच्याकडे पाहत होतो. एवढ्या वर्षांत मी हजारो मुलांना 'समजले का?' असे विचारले, आणि सर्वांनी मान हलवली. 'घरी जाऊन कसे सांगशील?' असे एकालाही विचारले नाही. याचे त्या क्षणी मला दुःख झाले नाही, उलट हसू आले. शिकण्यासारखे काही शिल्लक आहे, हे या वयात कळणे केवढे भाग्य! आता आमच्या आळीतील चार मुले संध्याकाळी संस्कृत शिकायला येतात. त्यांना मी तोच प्रश्न विचारतो. परवा एकीने घरी आपल्या आजीला व्याकरणातील संधी समजावली, आणि ती आजी स्वतः शंका विचारायला आली.

नव्या तुकडीतील विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाणीला संयम आणि दृष्टीला धीर लाभो. जो रुग्ण समोर बसेल त्याच्यावर तुमची श्रद्धा राहो. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या घरी अन्न पुरेसे, औषध वेळेवर, निद्रा निर्विघ्न आणि हास्य भरपूर असो. वृद्धांचे पाय सुरक्षित राहोत, लेकरांच्या जिभेवर गोडवा नांदो, आणि भगवान धन्वंतरींची कृपादृष्टी तुमच्या उंबऱ्याआत सदैव वास करो. इति शुभम्.